वाचक विचारतात : टायमिंगचा घोळ

या वेळच्या टपालात हौशी ऑटोक्रॉस (आखलेल्या मार्गावर एकेक गाडी सोडून वेळ मोजायची शर्यत) आणि डर्ट ट्रॅक (मातीचा ट्रॅक) शर्यतींच्या टायमिंगचेच प्रश्न जास्त होते. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या ऑटोक्रॉसमध्ये स्टार्ट आणि फिनिश एकमेकांपासून १८० मीटरवर आहेत. दोन्हीकडे एकेक डबा, आत डीएस१३०७ ही घड्याळाची चिप. तिच्या सेकंदाच्या दोन ठोक्यांमधले मिलिसेकंद मायक्रोकंट्रोलर मोजतो. सकाळी दोन्ही डबे शेजारी ठेवून वेळ मिळवतो. सुरुवातीला आकडे स्टॉपवॉचशी जुळतात, दुपारी दोनला मात्र प्रत्येक गाडीची वेळ साधारण अर्धा सेकंद जास्त येते. सेन्सर बदलून पाहिले, फरक नाही. – एक वाचक, विजापूर रस्ता, सोलापूर

उत्तर : सेन्सर निर्दोष आहेत, दोष उन्हाचा आहे. डीएस१३०७ ज्या ३२.७६८ किलोहर्ट्झच्या क्रिस्टलवर चालते, ते २५ अंशांच्या आसपास सर्वांत नीट चालते. तिथून पारा वर जावो की खाली, ते मागेच पडते. तेही फरकाच्या वर्गाच्या हिशेबाने, दर अंशवर्गाला दहा लाखांत ०.०३४ भाग. स्टार्टचा डबा उघड्यावर असेल तर मे महिन्यात काळ्या प्लास्टिकच्या आत ६० अंश सहज होतात. ३५ चा वर्ग १२२५, म्हणजे दहा लाखांत सुमारे ४२ भाग. फिनिशचा डबा मांडवात, समजा ३८ अंशांवर : १३ चा वर्ग १६९, म्हणजे सुमारे ६ भाग. दोघांत ३६ भागांची तफावत, तासाला ०.१३ सेकंद. दहा ते दोन या चार तासांत तुमचा अर्धा सेकंद भरला. शिवाय प्रत्येक क्रिस्टलची जन्मजात चूक दहा लाखांत २० भागांपर्यंत असू शकते, ती वेगळी.

स्टार्टचे घड्याळ मागे पडले की गाडी प्रत्यक्षाच्या आधीच सुटल्याची नोंद होते, म्हणून वेळ वाढते. डबे उलट जागी असते तर दुपारचे सगळे विक्रमवीर ठरले असते आणि तक्रारीचे पत्र कुणी पाठवलेच नसते.

यावर तीन उपाय आहेत. आमची पसंती पहिल्याला : घड्याळ एकच ठेवा. १८० मीटर काही लांब नाही. कॅट-६ केबलची एक जोडी, दोन्ही टोकांना आरएस-४८५ ची (लांब तारेतून इशारा पाठवणारी) चिप आणि १२० ओहमचा रेझिस्टर एवढे साहित्य पुरते. स्टार्टचा सेन्सर फक्त इशारा पाठवील, वेळ फिनिशचा डबा मोजेल. तारेतून इशारा यायला मायक्रोसेकंदाच्या आसपास वेळ लागतो, तो विसरून जा. दोन्हीकडे वेगळ्या बॅटऱ्या असतील तर केबलच्या दुसऱ्या जोडीने त्यांचे ऋण ध्रुव जोडायला विसरू नका. नाहीतर कधी चालेल, कधी नाही. केबल ट्रॅक ओलांडून टाकू नका, वळसा पडला तरी बाहेरून न्या.

तार नकोच असेल तर डीएस३२३१ बसवा. तापमान बघून ती स्वतःला सावरते. शून्य ते ४० अंशांत चूक दहा लाखांत दोन भाग, त्याबाहेर साडेतीन. दोन चिपा एकमेकींच्या विरुद्ध दिशेने चुकल्या तरी तासाला ०.०२५ सेकंदाच्या वर फरक जात नाही. तिसरा मार्ग जीपीएसचा : दोन्ही डब्यांना जीपीएस मॉड्यूल लावून त्याच्या दर सेकंदाच्या ठोक्यावर घड्याळ बांधायचे. अचूकतेत हा सर्वांत पुढे, पण मॉड्यूल सुरू केल्यावर मोकळ्या आभाळाखाली पंधरा मिनिटे थांबा. जीपीएसची वेळ जागतिक वेळेच्या १८ सेकंद पुढे असते. ही दुरुस्ती उपग्रहाकडून मिळायला साडेबारा मिनिटांपर्यंत लागू शकतात. एका डब्याला ती मिळाली आणि दुसऱ्याला नाही, तर फरक सेकंदाच्या अंशांत नाही, पूर्ण सेकंदांत पडतो.

काहीही करा, पण सावली द्या. पांढरा डबा, त्यावर चार बोटे अंतर सोडून थर्माकोलचे छप्पर. घरातली जाड सोलापुरी चादर डब्याला गुंडाळू नका. ऊन अडते, पण आतली उष्णता कोंडते.

प्रश्न : फिनिशला इन्फ्रारेड सेन्सर आणि समोर परावर्तक आहे. संध्याकाळी पाचनंतर काही बाइक नोंदल्याच जात नाहीत, काहींची मात्र दोनदा नोंद होते. – एक वाचक, होटगी रस्ता

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत. न नोंदण्याचे कारण कलता सूर्य. सेन्सरचे तोंड पश्चिमेकडे असेल तर सूर्याच्याच इन्फ्रारेडने तो आंधळा होतो. बाइक किरण तोडते, तरी त्याला अंधार दिसत नाही. म्हणून फिनिशची रेषाच अशी आखा की तिथे ट्रॅक पूर्व-पश्चिम जाईल. मग किरण आपोआप दक्षिणोत्तर येतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, तेव्हा सेन्सरने उत्तरेकडे पाहावे. रेषा हलवणे शक्य नसेल तर सेन्सरपुढे २० सेंमी लांब पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवा, आतून चमक नसलेला काळा रंग द्या. पाइप सरळ सूर्याकडेच रोखला गेला तर उपयोग नाही, हे सांगायला नको.

धुळीचेही लक्षात घ्या. परावर्तकाच्या पद्धतीत प्रकाश तीच धूळ दोनदा ओलांडतो. एका फेरीत निम्मा प्रकाश पोचत असेल तर परत येतो तो चौथा हिस्साच. डर्ट ट्रॅकला एकीकडे प्रेषक, दुसरीकडे ग्राहक अशी जोडीच घ्यावी. परावर्तकाची सोय डांबरावर ठीक. टँकरने पाणी मारताना फिनिशच्या आधीचे वीस मीटर कोरडे ठेवू नका, आणि प्रत्येक फेरीनंतर काच सुक्या मऊ फडक्याने पुसा.

दुहेरी नोंद होते ती चाकांमुळे. पुढचे चाक किरण तोडते, मग मोकळी जागा, मग मागचे चाक. चाकांत १.४ मीटर अंतर धरले तर ताशी ५० किमी वेगाला दुसरा ठोका ०.१ सेकंदाने येतो, २० च्या वेगाला पाव सेकंदाने. म्हणून पहिल्या ठोक्यानंतर एक सेकंद सेन्सरकडे दुर्लक्ष करायला सॉफ्टवेअरला सांगा. मात्र ही युक्ती एका वेळी एकच गाडी सोडायची असेल तेव्हाचीच. दहा बाइक एकत्र सुटणाऱ्या शर्यतीत त्या एका सेकंदात मागून आलेला गिळला जाईल. तिथे ट्रान्सपॉन्डरशिवाय (गाडीवर बसवायचा, स्वतःचा क्रमांक पाठवणारा छोटा डबा) गत्यंतर नाही.

किरणाची उंची सगळ्या गाड्यांना सारखी लागेल असे नाही. ३० सेंमीवर हॅचबॅकचा बंपर लागतो, तर उंच जीपचा बंपर वरून जाऊन टायर लागतो. दोन्हींत ६० सेंमीचा फरक पडला तर ताशी ६० किमीला ०.०३६ सेकंद. गट वेगळे असतील तर हरकत नाही. एकाच गटात असतील तर तंत्र तपासणीच्या वेळी प्रत्येक गाडी किरणापुढे हळू ढकलून कुठला भाग लागतो ते पाहा.

प्रश्न : अर्डुइनो उनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर टायमर बनवला. मायक्रोज() ने (बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मायक्रोसेकंद सांगणारी आज्ञा) सुरुवात आणि शेवट घेतो, दोन्हींचे मिलिसेकंद करून वजाबाकी करतो. साधारण सव्वा तास छान चालतो, मग एका गाडीची वेळ ऋण येते. पुढच्या गाडीला पुन्हा ठीक. – अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सांगोला

उत्तर : मायक्रोज() चा मोजणारा आकडा ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत जाऊन पुन्हा शून्यावर येतो. याला ७१ मिनिटे ३५ सेकंद लागतात. त्या क्षणी जी गाडी ट्रॅकवर असेल तिचाच बळी जातो. तुम्ही आधी हजाराने भागता आणि मग वजा करता, तिथे गडबड आहे. आधी वजाबाकी करा, मग भागा. सगळे चल अनसाइन्ड लाँग (ऋण चिन्ह नसलेली ३२ बिटांची संख्या) ठेवलेत तर आकडा शून्यावरून फिरला तरी वजाबाकी बरोबर येते. वर सांगितलेले ‘एक सेकंद दुर्लक्ष’ही ‘आत्ता वजा मागचा ठोका’ एक सेकंदाहून मोठा आहे का, असेच तपासा. ‘मागचा ठोका अधिक एक सेकंद’ अशी बेरीज करून तुलना केली तर तोच सापळा पुन्हा.

आणखी एक. उनोच्या मुख्य चिपला क्वार्ट्झ क्रिस्टल नसते, सिरॅमिक रेझोनेटर असतो. त्याची चूक अर्ध्या टक्क्यापर्यंत जाऊ शकते, म्हणजे मिनिटाला ०.३ सेकंद. एकाच बोर्डावर सगळ्यांची वेळ मोजली तर ही चूक सगळ्यांना सारख्या प्रमाणात लागते, क्रमवारी सहसा बिघडत नाही. दुसऱ्या दिवशीच्या किंवा दुसऱ्या ट्रॅकवरच्या आकड्याशी तुलना मात्र करू नका.

प्रश्न : डिकोडरच्या (ट्रान्सपॉन्डरचे इशारे ऐकून वेळ नोंदवणारे यंत्र) सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) १:०२.३४५ अशी वेळ होती. एक्सेलमध्ये उघडून नावे भरली, सेव्ह केली, तर ०१:०२.३ राहिले. दोन स्पर्धक बरोबरीत आले आणि भांडण झाले. – एक वाचक, बार्शी

उत्तर : एक्सेल ती वेळ आपणहून मिनिट-सेकंद-एक दशांश अशा साच्यात दाखवते. खरा आकडा आत असतो, पण सीएसव्ही म्हणून सेव्ह करताना जे पडद्यावर दिसते तेच लिहिले जाते. शतांश-सहस्रांश तिथेच संपले, त्या फाइलमधून परत येणार नाहीत. डिकोडरमधली किंवा सॉफ्टवेअरमधली मूळ नोंद काढा आणि निकाल तिच्यावरून लावा.

पुढच्या वेळी फाइलवर दोनदा टिचकी मारून उघडू नका. एक्सेलच्या डेटा मेन्यूतून ती आत घ्या आणि वेळेचा स्तंभ मजकूर म्हणून निवडा. स्पर्धक क्रमांकाचा स्तंभही तसाच, नाहीतर ००७ चा ७ होईल. सॉफ्टवेअरमध्ये सोय असेल तर वेळ ६२.३४५ अशी नुसत्या सेकंदांत लिहायला सांगा, कटकटच मिटते. मूळ फाइल पेन ड्राइव्हवर वेगळी ठेवून तिला फक्त-वाचनाची खूण करा.

प्रश्न : डर्ट ट्रॅकवर ट्रान्सपॉन्डर आणि जमिनीतला लूप (त्याचा इशारा पकडणारी पुरलेली तार) वापरतो. प्रत्येक शर्यतीत दोन-तीन लॅप गळतात. – एक वाचक, अकलूज

उत्तर : काय गळते याचा आधी तक्ता करा. एकाच स्पर्धकाचे लॅप गळत असतील तर त्याचा ट्रान्सपॉन्डर : चार्ज कमी, खाली धातूची पट्टी, किंवा आडवा बसवलेला. ट्रॅकच्या एकाच कडेने जाणाऱ्यांचे गळत असतील तर लूप. सगळ्यांचे एकदम दहा-वीस सेकंद गळत असतील तर वीज किंवा बाहेरचा विद्युत गोंगाट. बहुतेक डिकोडर प्रत्येक नोंदीसोबत सिग्नलची ताकद आणि किती वेळा ऐकू आले तो आकडा देतात. तो स्तंभ कुणी बघत नाही, पण सगळे उत्तर तिथेच असते.

आपल्याकडच्या काळ्या मातीत लूपचा त्रास ठरलेला. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि ताणून पुरलेली तार जोडापाशी सुटते. तार लवचिक पाइपमधून, थोडी सैल टाका. जोड ट्रॅकच्या बाहेर घ्या, झाळून वर सील करा. ज्या लूपच्या टोकाला रेझिस्टर असतो तो डिकोडरपासून सोडवून मल्टिमीटरने मोजा. पुस्तिकेतला ओहमचा आकडा दिसला पाहिजे. अनंत दाखवले तर तार तुटली, फारच कमी दाखवले तर पाणी शिरले किंवा तारा एकमेकींना चिकटल्या. हे शर्यतीच्या आदल्या दिवशी आणि टँकर फिरल्यानंतर, असे दोनदा करा.

जनरेटरची केबल लूपच्या केबलला समांतर नेऊ नका. ओलांडायचीच तर काटकोनात. डिकोडर बॅटरीवर ठेवा. लांब तारेने बॅटरी जोडताना जाडी बघा : १ चौ. मिमी तांब्याची तार ५० मीटर न्यायची, तर जाऊन-येऊन १०० मीटरला सुमारे १.८ ओहम. एक अँपिअरला १२ चे १०.२ व्होल्टच उरतात. २.५ चौ. मिमी घेतली तर घट पाऊण व्होल्टच्या आत राहते. गोंगाट एखाद्याच बाइकमुळे येत असेल तर तिचा स्पार्क प्लग पाहा. एनजीकेच्या बीपी६ईएस मध्ये रेझिस्टर नाही, बीपीआर६ईएस मध्ये आहे. फरक त्या ‘आर’चा.

प्रश्न : अमेरिकेहून आणलेला आरएफआयडी रीडर (चिकटवलेल्या टॅगचा क्रमांक रेडिओ लहरींनी वाचणारे यंत्र) इथे चालेल का? – एक वाचक, मोहोळ

उत्तर : रीडरमध्ये भारताचा विभाग निवडता येत असेल तर चालेल. आपल्याकडे यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ मोकळे आहे. अमेरिकेतला ९०२ ते ९२८ चा पट्टा इथे लावू नका, त्यात मोबाइल सेवा येते. काही रीडर कारखान्यातच कुलूपबंद असतात, ते घेऊच नका. आणि चिकटपट्टीचा टॅग पेट्रोलच्या टाकीवर लावाल तर तो मुका होईल. हेल्मेटवर लावा. लॅप मोजायला ही पद्धत छान, पण टॅग रेषेच्या मीटर-दीड मीटर आधीही वाचला जातो, त्यामुळे अटीतटीचा निकाल तिच्यावर देऊ नये.

प्रश्न : लॅपटॉपचे टायमिंग मध्येच थांबते आणि पोर्ट सापडत नाही असे येते. – दोन वाचक, सोलापूर

उत्तर : यूएसबीची वीजबचत बंद करा, झोपेचे सेटिंग ‘कधीच नाही’ वर ठेवा, शर्यतीच्या दिवशी इंटरनेट तोडा. अपडेटही येत नाही आणि विंडोज मध्येच घड्याळ सरकवतही नाही. स्वस्त यूएसबी-सिरियल तारांना स्वतःचा क्रमांक नसतो, म्हणून भोक बदलले की पोर्टचा आकडा बदलतो. ठरलेल्या भोकाशेजारी रंगीत टेप लावून ठेवा.

प्रश्न : सगळे बंद पडले तर स्टॉपवॉचचा निकाल धरावा का? – एक वाचक, मंगळवेढा

उत्तर : धरावा, पण शर्यतीआधी लिहून ठेवलेल्या नियमाने. तीन माणसे फिनिशला, तिघांची मधली वेळ घ्या, सरासरी नको. एकाचा अंगठा घसरला तर सरासरी बिघडते, मधली वेळ नाही. तीच तिघे शेवटपर्यंत. स्टार्ट आणि फिनिश दोन्ही दिसतील अशा जागी उभे राहून एकाच माणसाने दोन्ही बटणे दाबावीत, म्हणजे प्रतिक्रियेचा उशीर बराचसा कटतो. निकाल दशांशापर्यंतच लिहा. पडद्यावर शतांश दिसतो म्हणून तो हाताने मोजला गेला असे होत नाही.