मोबाइल आणि गाड्या हल्ली चिकटवून जोडतात, मग त्या टिकतात कशा?

तुम्ही विचारलंय की मोबाइलपासून कारपर्यंत सगळीकडे स्क्रू कमी होऊन चिकटवणं वाढलंय, मग हा माल टिकणार कसा? मी सोलापुरात होटगी रोडला गाड्यांच्या काचा बसवतो. माझा अनुभव सांगतो.

कारची पुढची काच पूर्वी नुसत्या रबरात बसायची. आता ती पॉलियुरेथेन नावाच्या गोंदाने थेट बॉडीला चिकटवतात. जुनी काच काढताना हा थर तारेने कापावा लागतो. दोघांनी दोन्हीकडून तार ओढली तरी घाम फुटतो. कापलेला तुकडा बोटांत धरा, रबरासारखा दबतो. टिकाऊपणा आहे तो इथेच. स्क्रूच्या जोडात ताण भोकापाशी गोळा होतो, पत्रा चिरतो तोही तिथूनच. चिकटवलेल्या जोडात तो ताण सगळ्या थरावर वाटला जातो. खड्ड्यात बॉडी पिळवटते, मे महिन्यात 42-43 अंशांच्या उन्हात काच आणि पत्रा कमी-जास्त फुगतात, ते सगळं हा थर सोसतो. बऱ्याच गाड्यांत शेजारच्या सीटची एअरबॅग फुगताना याच काचेचा आधार घेते, म्हणून हे काम मी कधीच हलक्यात घेत नाही.

मोबाइलमध्ये चिपखाली इपॉक्सी नावाचा कडक होणारा गोंद भरतात. फोन पडला की सोल्डरच्या, म्हणजे चिप जोडणाऱ्या धातूच्या बारीक टाक्यांवरचा झटका तो वाटून घेतो. स्क्रीनच्या कडेचा थर पाणी-धूळ अडवतो. दुरुस्तीला मात्र त्रास होतो, ही तक्रार खरी आहे.

पण चिकटवायची जागा स्वच्छ नसेल तर भारीतला माल वापरूनही उपयोग नाही. शिकाऊ असताना मी प्राइमर, म्हणजे गोंद नीट धरावा म्हणून आधी लावायचा लेप, मारलेल्या पत्र्यावरून सहज हात फिरवला. पहिल्याच पावसात त्या गाडीच्या डॅशबोर्डवर पाणी आलं. काच काढून पाहिली, तर माझी बोटं फिरली होती तेवढ्याच पट्ट्यात थर पापुद्र्यासारखा सुटला होता. गिऱ्हाइकाची माफी मागून काच पुन्हा बसवून दिली.

आणखी एक. हा थर हवेतल्या ओलाव्यावर पक्का होतो, त्यामुळे आपल्या कोरड्या उन्हाळ्यात त्याला जास्त वेळ लागतो. ‘तुळजापूरला निघायचंय, द्या लवकर’ म्हणून लोक घाई करतात. ट्यूबवर लिहिलेला वेळ झाल्याशिवाय मी चावी देत नाही.