बारावीनंतर संगणकशास्त्र घ्यावे की माहिती तंत्रज्ञान?

रत्नागिरी-सिंधुदुर्गातील विद्यार्थ्यांना मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सी अभ्यासक्रमांत हे दोन्ही पर्याय असल्यामुळे आपण विचारलेला प्रश्न इकडे दर जून महिन्यात घरोघरी चर्चिला जातो. संगणकशास्त्रात अल्गोरिदम (प्रश्न पायरीपायरीने सोडवण्याच्या रीती), विविक्त गणित (सुट्या, मोजता येणाऱ्या गोष्टींचे गणित), ऑटोमाटा सिद्धांत (गणन करणाऱ्या काल्पनिक यंत्रांचा अभ्यास) अशा विषयांवर, म्हणजे संगणक मुळात कसा विचार करतो यावर भर असतो. माहिती तंत्रज्ञानात नेटवर्क, डेटाबेस, वेब आणि माहितीची सुरक्षा या गोष्टी प्रत्यक्ष उभारणे व सांभाळणे अधिक असते. प्रोग्रॅमिंग मात्र दोन्हीकडे आहेच, त्यामुळे ते टाळण्यासाठी आयटी निवडू नये.

पदवीच्या नावामुळे पुढची वाट बंद होते ही भीती मला अनाठायी वाटते, कारण अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी होणाऱ्या गेट परीक्षेत या दोन्ही शाखांसाठी एकच सामायिक प्रश्नपत्रिका असते. गणिताची मनापासून आवड असेल तर संगणकशास्त्र घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही केवळ नावासाठी घरापासून दूर, महागड्या वसतिगृहात राहण्यापेक्षा जवळच्या महाविद्यालयातील प्रयोगशाळा आणि शिकवणारे प्राध्यापक चांगले आहेत का, हे तिथे शिकणाऱ्या मुलांनाच आधी विचारावे.