नोंदणीकृत दगडी घराची डागडुजी

प्रश्न : अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, मॅडिसन काउंटीत (जिल्ह्यात) आम्ही चुनखडीच्या दगडाचं जुनं घर घेतलंय. ते ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत आहे. दरजा (दगडांमधल्या सांध्यांच्या फटी) भरायला परवानगी लागेल का? करसवलत मिळेल का?

उत्तर : केवळ या नोंदीमुळे खासगी मालकावर बंधन येत नाही, स्वतःच्या पैशाने काम करता येतं. मात्र शहराचा वा काउंटीचा वेगळा वारसा-नियम आहे का, ते आधी विचारा. संघराज्य (केंद्र) सरकारचा निधी किंवा परवाना आला की १९६६च्या राष्ट्रीय ऐतिहासिक जतन कायद्याप्रमाणे तपासणी होते.

२० टक्के संघीय करसवलत उत्पन्न देणाऱ्या वास्तूलाच मिळते, राहत्या घराला नाही. भाड्याने देणार असाल तर कामाचा आराखडा सुरुवातीपूर्वीच राज्याच्या वारसा कार्यालयामार्फत मंजूर करून घ्या. आधी काम, मग अर्ज केला तर सवलत हातची जाऊ शकते.

दरजांत सिमेंट मात्र कृपा करून भरू नका! मऊ दगडापेक्षा ते कडक असतं. ओल दरजेतून बाहेर पडत नाही, दगडातच साठते. तिथल्या हिवाळ्यात ती गोठून फुगते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. दरजेतला जुना मसाला (सांधे भरायचं मिश्रण) हातछिन्नीने दरजेच्या रुंदीच्या दुप्पट-अडीचपट खोल काढा, दरजा ओलसर करा, चुन्याचा मसाला थरांनी भरा. थंडी पडण्याआधी उरका.