नळीचं तोंड कुठे होतं?

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

बार उडाला तेव्हा नळी आढ्याकडे होती, ही ओळ तू पत्राच्या तळाशी जाता जाता लिहिली आहेस. मी तीच आधी वाचली. बाकीची दोन पानं सेफ्टीची रडकथा आहे. सेफ्टी लावलेली होती, बोट चापावर नव्हतं, पुसता पुसता दस्ता पायरीच्या चिऱ्यावर जरा जोरात टेकला, एवढंच. मग बार उडाला कसा? दोष बंदुकीत की माझ्यात? आणि आता ती जमा करून टाकू का?

दोष दोन्हीकडे आहे. पण आढ्याकडे म्हणजे सुरक्षित, असं जे तू गृहीत धरलंयस, ते आधी डोक्यातून काढ. कोकणातल्या घरात आढ्याखाली माळा असतो, आणि सुट्टीत माळ्यावर पोरं झोपतात. ती त्या दिवशी नव्हती, हा तुझा शहाणपणा नव्हे.

सेफ्टीचं आधी उरकतो, कारण त्याशिवाय तुझं माझ्या बोलण्याकडे लक्ष लागणार नाही. तुमच्यासारख्या साध्या दुनळीत दस्त्याच्या मानेवरचा तो सरकता खटका फक्त चाप अडवतो. काडतुसावर आपटून बार उडवणाऱ्या घोड्याला तो हातही लावत नाही. घोडे आत लपलेले असतात आणि नळी मोडून उघडली की आपोआप चढतात. म्हणजे काडतूस भरून बंद केलेली बंदूक ही घोडे चढलेलीच बंदूक, दिसो वा न दिसो. त्या चढलेल्या घोड्याला मुख्य स्प्रिंगच्या जोराविरुद्ध धरून ठेवतं सिअरचं, म्हणजे आतल्या छोट्या अडसराचं टोक, घोड्यावरच्या खाचेत अडकलेलं. ती पकड नखाच्या कडेएवढी. खाच झिजली, तिथे गंज बसला किंवा कोणी हौशी माणसाने चाप हलका करायला कानस मारली, की दणक्याने टोक सुटतं आणि घोडा पडतो. चाप हललेलाच नसतो, मग सेफ्टी अडवणार काय? महागड्या बंदुकांत असा सुटलेला घोडा अडवायला दुसरा सिअर असतो. साध्या बंदुकीत नसतो.

निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा होती आणि भर पावसाळ्यात परत मिळाली, असं तू लिहितोस. मग आतून गंजली असणारच. परत मिळालेली बंदूक बाहेरून पुसून खुंटीला लावणं ही आपल्याकडची जुनी खोड. वर्षानुवर्षं तेल पाजलेल्या लॉकमध्ये, म्हणजे घोडा-सिअरच्या आतल्या यंत्रणेत, ते तेल चिकट होऊन सिअर खाचेत पूर्ण बसत नाही, हेही असतं. परवाना असलेल्या कारागिराकडून लॉक उघडून घे, स्वतः स्क्रू फिरवू नकोस. तो तपासेल ते तुलाही कळावं म्हणून सांगतो: दोन्ही घरांत, म्हणजे नळ्यांच्या मागे काडतूस बसतं तिथे, खोटी काडतुसं घालायची, बंदूक बंद करायची, सेफ्टी काढायची आणि दस्त्याच्या बुडाला तळहाताने चांगले ठोसे द्यायचे. आत ‘टक्’ आवाज आला तर घोडा सुटला. मग सेफ्टी लावून दोन्ही चाप जोरात ओढायचे, सोडायचे आणि नंतर सेफ्टी काढायची. काढताना घोडा पडला तर सेफ्टीही गेलेली. आणि हे सगळं करताना नळी कुठे? मागच्या मातीच्या उताराकडे. खोटी काडतुसं आहेत म्हणून आईकडे केलेली चालत नाही.

आता जे तू लिहिलंच नाहीस ते. पुसायला घेतलेल्या बंदुकीत काडतूस होतं कशाला? रानडुक्कर येईल म्हणून भरून ठेवली असेल. भाताच्या खाचरात आलेलं डुक्कर दोन काडतुसं भरण्याएवढा वेळ देतं, आणि न दिलं तर पळालं, बिघडलं काय? (वनखात्याची परवानगी हातात नसेल तर बार हवेतच काढायचा आहे, तेव्हा घाई कोणाला?) काडतूस नळीत जातं ते जागेवर पोचल्यावर आणि बाहेर येतं ती जागा सोडण्यापूर्वी. घरात कधीच नाही. रिकामी करताना ठरलेला क्रम ठेव: तोंड उताराकडे, बोट चापाच्या कडीबाहेर, वरची कळ दाबून नळी मोड, दोन्ही काडतुसं काढ, घरांत बघ आणि करंगळी घालून बघ. अंधारात डोळ्यांपेक्षा करंगळी खरी. मॅगझिनवाल्या पिस्तुलाला उलटा क्रम जिवावर बेततो: आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड ओढायची. आधी स्लाइड ओढली तर एक गोळी बाहेर पडते, दुसरी आत जाते, आणि माणूस शपथेवर सांगतो की रिकामी होती.

‘रिकामी होती.’ या दोन शब्दांचा मला संताप येतो. बंदूक रिकामी आहे हा तुझा समज आहे. तोंड कुठे आहे हे समोर दिसतं. समज चुकतो, सिअर झिजतो, बोट घसरतं. चापाला लागणारा जोर साधारण दीड ते दोन किलोचा. पाय घसरला, कोणी दचकवलं, डाव्या हाताने फांदी पकडली, की उजवा हातही आपसूक आवळतो आणि त्या आवळण्यात याच्या कितीतरी पट जोर असतो. म्हणून बोट कडीबाहेर, नळीला समांतर. पण बोट विसरलं, सेफ्टी फसली, काडतूस राहून गेलं, हे तिन्ही एकदम झालं तरी तोंड मातीकडे असेल तर नुसता आवाज होतो. तोंड माणसाकडे असेल तर उरलेले सगळे नियम पाळूनही एका गंजलेल्या खाचेने घर बुडतं. सगळ्यांना मी सारख्याच तोंडाने विचारतो, तोंड कुठे होतं?

लोक मला विक्षिप्त म्हणतात. कोणाची नळी एकदा अंगावरून फिरली की मी त्याच्याबरोबर पुन्हा रानात जात नाही, मग तो पाव्हणा असो की सरपंच. तुझ्या आजोबांनाही हे कधी पटलं नाही; इतकं ताणू नये म्हणायचे. ताणलं म्हणून काही माणसं दुरावली, त्याचं वाईट वाटतं, नाही असं नाही. पण सवलत द्यायची कोणत्या माणसाला, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

बार उडतात ते नेम धरताना क्वचितच. गडगा (दगडी कुंपण) ओलांडताना, झाडावरच्या माचीवर चढताना, जीपमधून उतरताना, कपाटात ठेवताना उडतात. गडग्याशी आलास की काडतुसं काढ, नळी मोडलेली बंदूक पलीकडे दे किंवा आडवी ठेव, तोंड दोघांपासूनही लांब, मग उडी मार. माचीवर बंदूक हातात घेऊन चढू नकोस; रिकामी करून दोरीला बांध, तोंड खाली राहील अशी, आणि वर बसल्यावर ओढून घे. जीपच्या मागच्या बाजूची बंदूक नळीला धरून स्वतःकडे ओढणं हा तर आत्महत्येचा प्रकार आहे: चाप कशात तरी अडकतो आणि तोंड पोटाशी असतं. प्रवासात दुनळीचे तीन भाग कर, नळ्या, पुढचं लाकूड आणि दस्ता, आणि पिशवीत घाल. सुटी बंदूक उडत नाही. दुचाकीवर खांद्याला भरलेली बंदूक लटकवणाऱ्यांबद्दल लिहायला लागलो तर पत्राची भाषा बिघडेल.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली, ती भल्या पहाटे, घरात, बाहेर निघायच्या तयारीत. ना शिकार, ना दरोडा. जुन्या बनावटीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा थेट गोळीच्या बुडावर टेकलेला असू शकतो, रिव्हॉल्व्हर हातातून पडलं तर दणका सरळ तिथे बसतो. म्हणून सहा घरांत पाचच गोळ्या घालायच्या आणि घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचं.

आजोबांच्या परवान्यावर दुसरी आहे ती ठासणीची, तोंडाकडून दारू ठासून भरायची. तिला तू शोभेची समजतोस, म्हणून तिची मला जास्त भीती. कॅप (घोड्याखालची ठिणगी पाडणारी टोपी) काढली म्हणजे ती रिकामी झाली असं नाही. दारू आणि छर्रे आत तसेच असतात आणि कोरडी राहिलेली काळी दारू वर्षांनंतरही पेटते. नळीत तोंड घालून बघायचं नाही. गज आत सोड, तोंडाशी खूण कर, मग तोच गज नळीला बाहेरून लावून बघ. टोक कॅपच्या नळकांड्यापर्यंत पोचत नसेल, चार बोटं अलीकडेच थांबत असेल, तर ती भरलेली आहे. अशी सापडली तर कारागिराकडे. घोडा कॅपवर टेकवून ठेवायचा नाही आणि अर्ध्या घोड्याच्या खाचेवर विसंबायचं नाही. ती खाचही झिजते. एका बारानंतर लगेच शिंगातून थेट दारू ओतू नकोस, आत ठिणगी राहिलेली असते. मापात घे, मग ओत, चेहरा बाजूला.

काडतुसांचंही बघ. डब्यात बारा बोअर आणि त्याहून बारीक वीस बोअर एकत्र असतील तर आजच वेगळी कर. वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या घरातून पुढे घसरून नळीत अडकतं. वरून बघितलं तर घर रिकामं दिसतं, माणूस मागे बाराचं भरतो आणि नळी डाव्या हातातच फुटते. वीस बोअर पिवळी करतात ती यासाठी. पावसाळ्यात फुगलेलं काडतूस घरात बसेना तर जोर लावून बंदूक बंद करायची नाही. चाप ओढूनही बार झाला नाही तर तोंड तिथेच ठेवून अर्धा मिनिट थांब, मग तोंड लांब ठेवून उघड. नुसता ‘फुस्स’ आवाज आला तर काडतुसातलं, दारू आणि छर्ऱ्यांमधलं बूच नळीत अडकलं असेल, दुसरं काडतूस भरण्याआधी मागून आरपार बघ. आणि महिनाभर खुंटीला राहिलेल्या बंदुकीच्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घर करते. ती माती नळी फाडायला पुरते.

एसजीचे, म्हणजे डुकरासाठी वापरतात ते जाड, छर्रे ६०० मीटरच्या पुढेही जाऊ शकतात. डुकरामागे काय आहे हे दिसत नसेल तर बार नाही. बॅटरीच्या उजेडात चमकलेले डोळे म्हणजे डुक्कर नव्हे.

जमा करायची का, ते तू ठरव, मी आग्रह करणार नाही. आजोबा सत्तरीपुढचे आहेत, तेव्हा २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे त्यांच्या हयातीतच परवाना तुझ्या नावावर होऊ शकतो. त्याआधी ती तुझी नाही, हेही लक्षात असू दे. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून निष्काळजीपणे बार काढून कोणाचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. नको असेल तर ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा कर आणि पावती घे. ठेवणार असशील तर कारागिराकडे नेताना आजोबांना आणि मूळ परवान्याला सोबत घे, नळ्या वेगळ्या, काडतुसं घरीच. फुगलेली काडतुसं विहिरीत टाकू नकोस, जाळू तर मुळीच नकोस, तीही विक्रेत्याकडेच दे.

आणि पुढच्या पत्रात सेफ्टीबद्दल एक अक्षर नको. आढ्यातल्या वाशाला छर्रे कुठे बसले, माळ्याच्या फळीपासून किती बोटांवर, ते मोजून कळव.

तुझा काका