आवाज थांबले, मग दुकान का जमत नाही?

ताई, तुम्ही लिहिलंय की स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराच्या गोळ्या सुरू होऊन दीड वर्ष झालं, भावाला नसलेले आवाज ऐकू येणं थांबलं, तरी लक्ष्मीपुरीतल्या दुकानात त्याचा हात चालत नाही आणि वडील म्हणतात "आता नाटकं करतोय". आमच्या घरात हे वाक्य सहा वर्षं चाललं. म्हणणारा मीच होतो.

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया होऊन 19 वर्षं झाली. आवाज आणि संशय गोळ्यांनी बऱ्यापैकी ताब्यात येतात. पण लक्ष लागणं, ध्यानात राहणं, आधी काय नि नंतर काय हे ठरवणं, हेही या आजारात मंदावतं आणि त्याच्यावर गोळ्यांचा फारसा जोर चालत नाही.

एकदा त्याला कपिलतीर्थ मार्केटला धाडलं. कोथिंबीर, वांगी, आलं आणि येताना गंगावेशीतनं दूध. तासाभरानं आला, हातात नुसती कोथिंबीर. आई भडकली. रात्री कळलं, भाजीवालीनं सुट्टे मागितले, तो खिसे चाचपत बसला आणि तेवढ्यात डोक्यातली यादी पुसली गेली. तेव्हापासून चिठ्ठी देतो, पैसे मोजून देतो. आता दूध तोच आणतो.

दुकानातही तेच बघा. गल्ल्यावर गिऱ्हाईक, भाव, सुट्टे आणि गप्पा एकदम अंगावर येतात. तुमच्या भावाला आत बसवा, माल मोजू दे, पुड्या बांधू दे. महिनाभर एकच काम.

दुसरी गोष्ट घरच्यांना उशिरा कळते. समोरच्याचा चेहरा, आवाजाचा सूर, चेष्टा ओळखणंही अवघड होतं. आपल्या कोल्हापुरात तर माया पण शिवीतनं करतात! रंकाळ्यावर जुना दोस्त भेटला, म्हणाला, "काय रं, मेला न्हाईस अजून?" भाऊ तीन महिने घराबाहेर पडला नाही. आम्ही म्हटलं, आजार उलटला. तसं नव्हतं, त्याला ती चेष्टा चेष्टा म्हणून कळलीच नव्हती. नोकरी आणि मैत्री टिकण्याशी या समजेचा संबंध स्मरणशक्तीपेक्षाही जवळचा असल्याचं संशोधनात दिसलंय. म्हणून वडिलांना सांगा, टोमणा नको, सरळ वाक्य बोला.

हात थरथरतात म्हणून ट्रायहेक्सीफेनिडिल ही गोळी चालू असेल, तर ती अजून लागते का हे डॉक्टरांना विचारा. तिच्यानं विसराळूपणा वाढू शकतो. मनानं मात्र बंद करू नका. लक्ष लागावं, ध्यानात राहावं म्हणून विचारशक्तीचे सराव तज्ज्ञांकडून करून घेतात, त्याबद्दलही विचारा. सोबत खरं काम असेल तर त्यांचा जास्त उपयोग होतो. मोबाइलवरची कोडी म्हणजे ते नव्हे.

आणि दिव्यांग प्रमाणपत्राचं. 2016 च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजार येतो, बऱ्याच सवलतींना किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं. तपासणीत स्वतःची देखभाल, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम या चार गोष्टींत किती अडतं ते बघतात. आम्ही गेलो तेव्हा आई कौतुकानं म्हणाली, "शहाणा हाय माझा पोरगा, समदं करतोय." टक्के कमी बसले, पुन्हा सगळा हेलपाटा. आठवडाभराच्या अडचणी वहीत लिहून न्या, आणि आईला बाहेरच बसवा.