वाचकांचे प्रश्न : भाद्रपदातले आयसिंग आणि घरचे कपकेक

या वेळी आलेली बरीचशी पत्रे केक आणि कपकेकच्या सजावटीविषयी आहेत. ती वाचताना एक गोष्ट सारखी जाणवली, की सजावट बिघडली म्हणजे प्रत्येकाने आपल्या हाताला दोष दिला आहे. हाताचा दोष फार क्वचित असतो, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. लोणी किती गार होते, केक किती निवला होता आणि हवेत ओल किती होती, यांवरच बहुतेक सारे ठरते. त्यामुळे पुढील उत्तरांत नोझलपेक्षा, म्हणजे क्रीमला आकार देणाऱ्या पिशवीच्या टोकापेक्षा, तापमानाविषयी अधिक लिहिले आहे.

प्रश्न : आमच्या सोसायटीत गणेशोत्सवात कपकेक सजावटीची स्पर्धा असते. कपकेक अंड्याशिवाय असावेत, एवढीच अट आहे. गेल्या वर्षी मी बटरक्रीमची लाल-पांढरी फुले काढून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली होती. सकाळी ती सुरेख दिसत होती, पण मंडपात मांडल्यावर अर्ध्या तासात त्यांवर पाणी सुटले, लाल रंग पांढऱ्यावर ओघळला आणि पाकळ्या बसल्या. यंदा काय करावे?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : भाद्रपदात मुंबई-ठाण्याकडच्या हवेत इतकी ओल असते, की फ्रिजमधली कोणतीही वस्तू उघड्यावर आली की गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो तसे तिच्यावर पाणी धरते. साखर ते पाणी ओढून घेते, रंग त्यात विरघळतो आणि मग जे झाले ते तुम्ही पाहिलेच आहे. यावर साधा उपाय असा, की कपकेक घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत आणि फ्रिजमधून काढल्यावर तो डबा तासभर उघडूच नये. पाणी डब्याच्या बाहेरच्या अंगाला धरेल, आतले कपकेक हळूहळू खोलीच्या तापमानाला येतील आणि त्यानंतर झाकण काढले तर फुलांना काही होणार नाही. त्याहून बरे म्हणजे स्पर्धेच्या दिवशी सकाळीच आयसिंग करावे आणि फ्रिजला फाटा द्यावा. लोणी आणि साखरेचे बटरक्रीम एसीच्या खोलीत काही तास सहज टिकते.

बटरक्रीमसाठी १०० ग्रॅम बिनमिठाचे लोणी, २०० ग्रॅम आयसिंग शुगर आणि चमचाभर दूध हे प्रमाण घ्यावे. लोण्यावर बोट दाबले तर खळगा पडला पाहिजे, पण बोट आत बुडता कामा नये आणि बोटाला तेलकट चकाकी येता कामा नये. चकाकी दिसली, तर लोणी दहा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवून मगच फेटायला घ्यावे. घरी विरजलेल्या सायीचे लोणी कितीही जिव्हाळ्याचे असले, तरी ते येथे वापरू नये, कारण त्यात ताकाचे पाणी राहून जाते आणि फेटता फेटता क्रीम फाटते. घरी दळलेली पिठीसाखर मात्र चालते. ती वस्त्रगाळ करून वाटीमागे एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर मिसळावे. साखरेचा एक जाड कण नोझलच्या तोंडाशी अडकला, तरी पाकळीची कड फाटते. पायपिंग बॅगही अर्धीच भरावी, कारण भरलेली पिशवी हातात बराच वेळ राहिली, की तळहाताच्या उबेनेच आतले क्रीम सैल पडते.

तरीही तुम्हाला मनापासून सुचवावेसे वाटते, की यंदा फुले क्रीमची न करता काजूच्या पिठाची करून पाहावीत. गोव्यातल्या आणि मुंबईतल्या ख्रिस्ती घरांत नाताळला बदामाऐवजी काजूचे मार्झिपान करतात आणि आपण काजूकतलीसाठी जो गोळा करतो तो त्याचाच जवळचा नातलग आहे. २०० ग्रॅम काजू थांबून थांबून दळावेत, म्हणजे तेल सुटणार नाही. १०० ग्रॅम साखरेचा अर्ध्या वाटीहून थोड्या कमी पाण्यात एकतारी पाक करावा, त्यात काजूची पूड घालून मंद आचेवर गोळा कडा सोडेपर्यंत परतावा आणि कोमट असताना तुपाच्या हाताने हलकेच मळावा. जास्त मळला तर तेल सुटून गोळा खरबरीत होतो. हा गोळा दमट हवेत फाँडंटइतका, म्हणजे सजावटीसाठी मळलेल्या साखरेच्या गोळ्याइतका, लवकर चिकट होत नाही, अंड्याचा प्रश्न येत नाही आणि चवीला तर तो फाँडंटपेक्षा कितीतरी सरस असतो. मुले फाँडंटची फुले काढून बशीच्या कडेला ठेवतात. काजूची फुले आधी संपतात, हे मी दर वेळी पाहिले आहे.

गणपतीसमोरची स्पर्धा आहे, म्हणून जास्वंद करावी. लाल जेल रंग मळलेल्या गोळ्याच्या मोठ्या वाटाण्याएवढ्या पाच गोळ्या घ्याव्यात. एकेक गोळी प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवून अंगठ्याने अशी दाबावी, की देठाकडची बाजू जाड राहील आणि वरची कड कागदासारखी पातळ होईल. टूथपिकने देठापासून कडेकडे चार-पाच रेषा ओढाव्यात आणि कड बोटांनी किंचित मुडपावी. मग आप्पेपात्राच्या खळग्यात कॉर्नफ्लोअर भुरभुरवून त्यात या पाकळ्या एकीची कड दुसरीवर येईल अशा मांडाव्यात, म्हणजे फुलाला आपोआप वाटीचा आकार येतो. मधल्या दांड्यासाठी गोळ्याची बारीक वळी करून तिच्या वरच्या अर्ध्या भागाला साखरेच्या पाण्याचे बोट लावावे आणि केशराच्या काड्या आडव्या चिकटवाव्यात. खऱ्या जास्वंदीच्या दांड्याला टोकाशी पाच लाल ठिपके असतात, तेही टूथपिकच्या टोकाने देता येतात. फुले रात्रभर पंख्याखाली सुकू द्यावीत आणि मंडपात गेल्यावर पांढऱ्या बटरक्रीमच्या सपाट थरावर बसवावीत. शेजारी हिरव्या गोळ्याची तीन पात्यांची दूर्वा ठेवली, तर आणखी कशाची गरज राहत नाही. ताटाजवळ ‘यात काजू आहेत’ अशी चिठ्ठी मात्र आठवणीने ठेवावी, कारण काहींना काजूची ॲलर्जी असते.

प्रश्न : माझे अंड्याशिवायचे कपकेक चवीला छान होतात, पण मध्यभागी डोंगरासारखे वर येऊन तडकतात. वरचा भाग कापून टाकावा लागतो आणि मग आयसिंगमध्ये चुरा मिसळतो.
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्याकडे बहुधा ओटीजी, म्हणजे घरगुती विजेचा ओव्हन, असावा. तो लहान असल्यामुळे वरची कांब, म्हणजे तापणारी सळई, कपकेकच्या फार जवळ येते. त्यामुळे मधले पीठ फुगायच्या आतच वरचा पापुद्रा घट्ट होतो आणि आतून येणारी वाफ तो फोडून बाहेर पडते. १८० अंशांऐवजी १६५ ते १७० अंशांवर, केवळ खालची कांब चालू ठेवून, २२ ते २५ मिनिटे भाजून पाहावे. कागदी वाट्या अर्ध्याहून थोड्याच अधिक भराव्यात. दुसरे कारण बहुधा ढवळण्यात असेल. मैदा घातल्यावर कोरडे पीठ दिसेनासे झाले, की थांबायचे असते. त्यापुढे ढवळत राहिले तर पीठ चिवट होते आणि टोके येतात.

दीड वाटी मैदा, एक वाटी ताजे दही, पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी तेल, सव्वा छोटा चमचा बेकिंग पावडर, अर्धा छोटा चमचा खायचा सोडा आणि थोडा व्हॅनिला, या प्रमाणात साधारण बारा कपकेक होतात. २४० मिलिलिटरची वाटी धरावी. सोडा आधी दही-साखरेत घालून पाच मिनिटे थांबावे आणि बुडबुडे आल्यावर तेल व मैदा घालावा. त्यानंतर मात्र पीठ थांबवून ठेवू नये.

प्रश्न : मुलाचा वाढदिवस मे महिन्यात येतो. गच्चीवर संध्याकाळी पार्टी आहे आणि केक स्कूटरवरून वीस मिनिटे न्यायचा आहे. व्हिपिंग क्रीमचा दोन थरांचा केक करावा का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : करू नये, असे मी स्पष्टच सांगते. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळते. संध्याकाळी सातलाही गच्चीची फरशी तापलेली असते, तेथे क्रीम तग धरणार नाही. चॉकलेटचे गनाश, म्हणजे गरम क्रीममध्ये विरघळवलेले चॉकलेट, त्यातल्या त्यात बरे. एरवी डार्क चॉकलेटच्या निम्मी क्रीम घेतात. उन्हाळ्यात ती आणखी कमी करून तीन भाग चॉकलेटला एक भाग क्रीम घ्यावी. तेही गच्चीवर फार वेळ टिकणार नाही, म्हणून केक खाली घरात ठेवावा आणि मेणबत्त्या लावायच्या वेळीच वर आणावा.

स्कूटरवरून न्यायचे असेल, तर उंच केकचा हट्ट सोडून कपकेक करावेत. खाचे असलेल्या खोक्यात ते हलत नाहीत आणि एखादा बिघडलाच तरी बाकीचे शाबूत राहतात. खोके थर्माकोलच्या पेटीत, बर्फाच्या बंद पिशव्यांसह ठेवावे. कोणाची मोटार मिळाली, तर केक मांडीवर किंवा कलत्या सीटवर न ठेवता पायाशी सपाट जागी ठेवावा.

एक गोष्ट मी स्वतः चुकून शिकले आहे, ती येथे सांगणे मला आवश्यक वाटते. भाच्याच्या वाढदिवसाला पाहुणे यायची वेळ झाली होती आणि केकला वरून हात लावला तर तो गार लागत होता, म्हणून मी दोन थरांमध्ये क्रीम भरले. दहा मिनिटांत वरचा थर हळूहळू एका बाजूला सरकू लागला आणि मी तो दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. केकचा पोटातला भाग तेव्हाही कोमट होता. त्या दिवसापासून मी केक आदल्या रात्री भाजते, पूर्ण निवल्यावर गुंडाळून ठेवते आणि सजावटीला सकाळीच बसते.

प्रश्न : मुलांसाठी बाजारचे रंग टाळावेत असे वाटते. बीट घालून केक केला तर तो तपकिरी झाला आणि बिटाचा रस घातलेले आयसिंग फाटले. काय चुकले?
— एक वाचक, पुणे

उत्तर : बिटाचा रंग भट्टीच्या उष्णतेत आणि सोड्याच्या संगतीत टिकत नाही, म्हणून तो केकमध्ये घालून उपयोग नाही. आयसिंगमध्ये तो सुंदर गुलाबी येतो, पण रस घालू नये, कारण लोण्यात पाणी मिसळत नाही. बीट किसून, पूर्ण वाळवून त्याची पूड करावी आणि ती वस्त्रगाळ करून साखरेबरोबर घालावी. पिवळ्यासाठी चमचाभर कोमट दुधात भिजवलेले केशर घ्यावे. हळद चिमूटभरच, आणि तीही आयसिंगमध्येच घालावी. सोड्याच्या पिठात पडली तर ती लालसर होते. गोकर्णाच्या वाळलेल्या फुलांच्या पुडीने निळा रंग येतो, मात्र त्यात लिंबाचा थेंब पडला की तो जांभळा होतो. मुलांना हे समोर करून दाखवावे, त्यांना फार आवडते.

बाजारचा रंग घ्यायचाच असेल, तर खाद्यरंग म्हणून लेबल असलेला आणि एफएसएसएआयचा क्रमांक छापलेला घ्यावा. जेल रंग कमी लागतो आणि क्रीम पातळ करत नाही. गडद लाल हवा असेल, तर रंग ओतत बसू नये, कारण क्रीम कडवट होते. थोडा रंग घालून झाकून ठेवावे. काही तासांत तो आपसूक गडद होतो. चकाकी आणणाऱ्या पुडीच्या डबीवर केवळ ‘विषारी नाही’ असे लिहिले असेल, तर ती पूड खाण्यायोग्य ठरत नाही. ती घटकांच्या यादीसह खाद्यपदार्थ म्हणून विकलेली असली पाहिजे. खरी फुले लावताना कण्हेर कधीही वापरू नये. ती विषारी आहे. हाराच्या दुकानातले गुलाबही नकोत, कारण त्यांवर फवारणी झालेली असते.

प्रश्न : आमच्या महिला मंडळाच्या स्पर्धेत परीक्षणावरून दर वेळी नाराजी होते. गुण कसे द्यावेत?
— मंडळाच्या एक कार्यकर्त्या, कोल्हापूर

उत्तर : ज्यांच्याकडे ओव्हन आहे आणि ज्यांच्याकडे नाही, त्यांना एकाच तराजूत तोलू नये. मंडळानेच एकसारखे साधे कपकेक करवून प्रत्येकीला सहा द्यावेत, पांढरे क्रीम आणि तीन रंग द्यावेत आणि सजावट तेथेच एका तासात करायला सांगावे. अशा स्पर्धेत केवळ सजावटीला गुण द्यावेत: कल्पना, सफाई आणि सहाही कपकेक एकसारखे आले की नाही. चवीची स्पर्धा घ्यायची असेल, तर ती वेगळी, बिनसजावटीची घ्यावी आणि बश्यांवर नावांऐवजी क्रमांक लावावेत. मुलांचा गट स्वतंत्र ठेवावा आणि त्यांच्या टेबलाजवळ आई-वडिलांना थांबू देऊ नये. हे मी आग्रहाने लिहिते आहे, कारण शेजारच्या टेबलावर आईने काढलेला गुलाब पाहून स्वतःचे वेडेवाकडे फूल पुसून टाकणारे मूल मी पाहिले आहे.

प्रश्न : बारा कपकेकना आयसिंग किती लागते? दर वेळी कमी तरी पडते, नाहीतर उरते.
— एक वाचक, पणजी

उत्तर : मोठ्या स्टार नोझलने उंच भोवरा काढायचा असेल, तर २२५ ग्रॅम लोणी आणि ४५० ग्रॅम आयसिंग शुगर लागते. सुरीने सपाट थर द्यायचा असेल, तर त्याच्या निम्मे पुरते. उरलेले बटरक्रीम हवाबंद डब्यात आठवडाभर फ्रिजमध्ये राहते. वापरण्यापूर्वी ते खोलीच्या तापमानाला आणून पुन्हा फेटावे.