वाचकांचे प्रश्न: बिलबुकातला कार्बन मुळात कोणासाठी बनला?

प्रश्न: नमस्कार जी. मी कृषी केंद्रात काउंटरवर बसतो. खताची पावती आता मशीनमधून निघते पण बियाणं, फवारणीचं औषध, उधारीची चिठ्ठी हे सगळं अजून बिलबुकातच लिहितो, खाली कार्बन टाकून. आमच्याकडं येणारे एक गुरुजी म्हणाले का हा कार्बन कागद पहिले आंधळ्या लोकांसाठी बनवला होता. मले काही पटलं नाही. ज्याले दिसतच नाही त्याले बिलाची कॉपी कायले पाहिजे? खरं काय ते सांगजा.
एक वाचक, तालुका हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर: गुरुजी बरोबर आहेत भाऊ, आणि तुमची शंकाही रास्त आहे, कारण कॉपी काढणं हे त्या कागदाचं पहिलं काम नव्हतंच. ज्याला दिसत नाही त्याला कोणाला मजकूर न सांगता स्वतःच्या हातानं चिठ्ठी लिहिता यावी, एवढ्यासाठी तो बनला.

हे समजायचं तर त्या काळचा पेन काय होता ते आधी पाहा. १८०० च्या आसपास युरोपात लिहायचं म्हणजे पक्ष्याचं पीस, त्याचं टोक चाकूनं तासायचं, दौतीत बुडवायचं, चार शब्द लिहिले की परत बुडवायचं. डोळस माणसाचीही त्यात तारांबळ व्हायची. न दिसणाऱ्या माणसाला तर टोकावर शाई आहे का संपली हेच कळायचा मार्ग नाही, म्हणजे तो बिचारा पानभर लिहीत राहणार आणि निम्म्या पानावर अक्षरच उमटलेलं नाही असं व्हायचं, शाई जास्त घेतली तर डाग, आणि एक ओळ कुठं संपली दुसरी कुठून सुरू करायची तेही हाताला समजत नाही. घरातल्या गोष्टी, पैशाच्या गोष्टी, मनातलं काही असेल ते सगळं दुसऱ्याला तोंडी सांगून लिहून घ्यायचं. ब्रेल लिपीही तेव्हा नव्हती, लुई ब्रेलचा जन्मच १८०९ चा आणि त्याची लिपी छापून आली १८२९ मधे.

इंग्लंडमधे राल्फ वेजवूड नावाचा माणूस होता, चिनीमातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या वेजवूड घराण्यातलाच. त्यानं डोकं असं लावलं की शाई पेनातून काढून कागदातच घालून टाकली. छपाईच्या शाईत कागद भिजवला, वाळवला आणि दोन कोऱ्या कागदांच्या मधे ठेवला. वरून लिहायला पीस नाही, धातूची टोकदार सळी. दाबून लिहिलं की खालच्या कागदावर अक्षर उमटतं. बुडवायचं नाही, सांडायचं नाही, संपायची भीती नाही. लिहायच्या पाटीवर आडव्या तारा लावलेल्या होत्या, बोटांनी तार चाचपायची आणि तिच्या आधारानं सळी चालवायची म्हणजे ओळ वाकडी जात नाही. मला या सगळ्या यंत्रात ह्या तारा सगळ्यात जास्त आवडतात, कारण लिहिणाऱ्याचा हात कुठं अडतो हे बारकाईनं पाहिल्याशिवाय असं काही सुचत नाही. या यंत्राला त्यानं स्टायलोग्राफिक रायटर नाव दिलं, १८०६ मधे पेटंट घेतलं आणि त्या काळ्या कागदाला म्हटलं कार्बोनेटेड पेपर.

जवळपास त्याच वर्षांत तिकडं इटलीत पेल्लेग्रिनो तुर्री नावाच्या माणसानं एक टाइपरायटर बनवला. कारोलिना फान्तोनी नावाची सरदार घराण्यातली बाई होती, तिची दृष्टी गेलेली, तिला पत्रं लिहिता यावीत म्हणून. त्या यंत्रालाही शाई हवी होती आणि ती काळ्या कागदातूनच यायची. ते मशीन आज कुठंच शिल्लक नाही पण तिनं त्यावर छापलेली काही पत्रं १८०८ पासूनची आहेत आणि ती इटलीतल्या रेज्जो एमिलिया गावच्या दप्तरखान्यात जपून ठेवली आहेत. म्हणजे जगातल्या सगळ्यात जुन्या टाइप केलेल्या पत्रांपैकी ही एक न दिसणाऱ्या बाईनं लिहिलेली पत्रं. टाइपरायटर आणि कार्बन, ज्या दोन गोष्टींवर पुढं सगळी सरकारी कचेरी शंभरेक वर्षं चालली, त्या दोन्ही अशा घरगुती गरजेतून आल्या. शाळेत हे शिकवायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आता कॉपी कुठून आली. वेजवूडच्या लक्षात आलं की हाच कागद व्यापाऱ्याच्या कामाचा आहे. वर पातळ झिरझिरीत कागद, मधे कार्बन, खाली चांगला जाड कागद. खालच्या कागदावर उमटलेलं पत्र पाठवून द्यायचं आणि वरचा पातळ कागद आपल्याकडे ठेवायचा. कार्बन दोन्ही बाजूंनी काळा असल्यामुळं पातळ कागदाच्या पाठीवर उलटी अक्षरं उमटायची, पण कागद पातळ म्हणून समोरून ती सुलटी वाचता यायची. तुम्ही आज वरचं बिल गिऱ्हाइकाला देता आणि खालचं बुकात ठेवता, त्याच्या बरोबर उलट.

पण व्यापाऱ्यांनी ते फारसं घेतलं नाही. सळीनं उमटवलेलं अक्षर म्हणजे शाईची सही नाही, कोणीही खोटी प्रत करेल, ही भीती. शिवाय जेम्स वॅटनं, हो तोच वाफेच्या इंजिनवाला, १७८० मधेच पत्राची नक्कल दाबून काढायचं यंत्र पेटंट करून ठेवलं होतं, त्यात खास शाईनं लिहिलेल्या पत्रावर ओला पातळ कागद दाबला की थोडी शाई त्यावर उतरायची. मूळ पत्र शाईचंच राहायचं, म्हणून लोकांचा विश्वास त्यावर होता. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे पिसाच्या पेनावर जोर देता येत नाही, जोर दिला की टोक फाकतं. कार्बनला तर जोरच पाहिजे. त्यामुळं साठ सत्तर वर्षं हा कागद कोपऱ्यात पडल्यासारखा राहिला, बातमीदारांच्या वगैरे कामात थोडाफार चालायचा.

पुढची गोष्ट अमेरिकेतली आहे आणि तिच्यात चक्क फुगा आहे. १८६८ मधे लेबियस रॉजर्स नावाचा एकवीस वर्षांचा पोरगा सिनसिनाटी शहरात एका बिस्किट आणि किराण्याच्या कंपनीची जाहिरात म्हणून हवेच्या फुग्यातून वर गेला. खाली उतरल्यावर असोसिएटेड प्रेस या बातमी संस्थेच्या ऑफिसात त्याची मुलाखत झाली, आणि तिथं बातमीच्या एकदम अनेक प्रती काढायला वापरतात तो काळा कागद त्याला दिसला. त्यानं फुग्याचा नाद सोडला आणि कार्बन कागदाचा धंदा टाकला. सुरुवातीला हातानं ब्रशनं काजळी आणि तेलाचं मिश्रण कागदावर फासायचे, नंतर गरम मेणात काजळी मिसळून एकाच बाजूला थर द्यायचं मशीन आलं. तुमच्या काउंटरवर आहे तो हाच प्रकार, एक बाजू काळी, एक बाजू कोरडी. त्याच सुमारास बाजारात टाइपरायटर आले, रेमिंग्टन कंपनीनं १८७३ पासून बनवायला घेतले, आणि टाइपरायटरचा खिळा जोरानंच आपटतो त्यामुळं कार्बनला पाहिजे तो दाब आयता मिळाला. वर फितीतून स्वच्छ शाईचं मूळ पत्र, खाली कार्बनच्या तीन चार प्रती. मग कोणाला कसली भीती राहिली नाही. आपल्याकडं गोदरेजनं १९५५ मधे देशी टाइपरायटर काढला आणि तहसीलसमोर, कोर्टासमोर झाडाखाली बसणारे अर्जनवीस आणि टायपिस्ट यांच्या कित्येक पिढ्या त्या खटखटीवर आणि कार्बनवर जगल्या.

दुकानातल्या कामाचं एक सांगतो. कार्बनचा रंग मेणात धरलेला असतो, म्हणून मे महिन्यात आपल्याकडच्या उन्हात खिडकीजवळचं बिलबुक तापलं की मेण नरम पडतं आणि हात लागेल तिथं काळं होतं, पानं चिकटतात. कार्बनचं पाकीट सावलीत, सपाट ठेवा, आणि बिल लिहिताना खालच्या प्रतीखाली पुठ्ठा सरकवायला विसरू नका नाहीतर पुढच्या दोन बिलांवर मागच्या गिऱ्हाइकाचा हिशोब उमटतो. काही बिलबुकात कार्बन टाकावाच लागत नाही, पांढरं गुलाबी पिवळं पान असतं ते, तो कागद अमेरिकेतल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीनं १९५० नंतरच्या दशकात आणला. वरच्या पानाच्या पाठीला डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कुप्या असतात, त्यात रंगहीन रसायन, पेनचा दाब पडला की कुप्या फुटतात आणि खालच्या पानावरच्या लेपाशी मिळून रंग तयार होतो. म्हणून त्या पानांवर विनाकारण वजन ठेवलं तरी डाग पडतात.

प्रश्न: मी शेतकरी बाई आहे. मागच्या हंगामात सोयाबीन विकलं, व्यापाऱ्यानं काटापट्टी दिली त्यावर वजन अन् दर दोन्ही लिहून आहे. पैसे देताना वजन कमी धरलं. मी पट्टी दाखवली तर म्हणतात तुमच्याजवळची कार्बनची हाय, झेरॉक्ससारखी, ते कुठं चालत नाही, असली आमच्या बुकात हाय. खरंच चालत नाही का?
एक वाचक, तालुका दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर: ताई, असं कोणी म्हणत असेल तर ऐकून गप्प बसू नका. कार्बनची प्रत आणि झेरॉक्स कायद्यात एक नाही.

झेरॉक्स म्हणजे आधी एक मूळ कागद तयार झाला आणि नंतर त्याचा फोटो काढला. कार्बनमधे तसं नाही, एकाच हातानं, एकाच वेळी, पेनच्या एकाच दाबानं दोन्ही कागद लिहिले जातात. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ६२ मधे लिहिलं होतं की एकाच प्रक्रियेतून अनेक प्रती निघाल्या तर त्यातली प्रत्येक प्रत बाकीच्यांच्या मजकुराचा प्राथमिक पुरावा असते. तिथं छपाई आणि फोटोग्राफी वगैरेची उदाहरणं होती, कार्बनचं नाव नव्हतं, पण १९८९ मधे हिमाचल प्रदेशच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टानं डॉक्टरच्या सर्टिफिकेटची कार्बन प्रत याच नियमानं प्राथमिक पुरावा म्हणून धरली. १ जुलै २०२४ पासून जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यातही हा नियम कायम आहे. म्हणजे तुमच्या हातातली पट्टी दुय्यम नाही, ती त्यांच्या बुकातल्या पट्टीची जुळी बहीण आहे.

पण तीन गोष्टी पाहा. पट्टीवर तारीख आणि पट्टी नंबर स्पष्ट आहे का, कारण त्याच नंबरची दुसरी प्रत त्यांच्या बुकात असायला पाहिजे आणि ती दाखवा म्हणून तुम्हाला सांगता येतं. सही कार्बनमधून उमटलेली आहे का, किंवा तुमच्या प्रतीवर वेगळी पेननं केली आहे का. आणि कार्बनच्या आकड्यावर नंतर पेननं गिरवलेलं नको, तुम्ही स्वतःही पुसट आकडा ठळक करायला जाऊ नका, चांगल्या मनानं केलं तरी समोरचा खाडाखोड म्हणेल. पुढच्या वेळी पट्टी हातात घेतल्या घेतल्या काट्याजवळच उभं राहून वजन वाचा, खालची प्रत पुसट निघाली असेल तर तिथंच परत लिहायला लावा, त्यात लाजायचं काही कारण नाही, तुमचा माल आहे.

ही पट्टी पिशवीत चुरगळू देऊ नका, वहीच्या पानात कोरड्या जागी ठेवा. काळ्या कार्बनची काजळी सहसा उडत नाही, वर्षानुवर्षं वाचता येते. मशीनमधून निघणाऱ्या गुळगुळीत पावतीचं मात्र उलट आहे, खताच्या दुकानातली किंवा रेशनची ती पावती उष्णतेनं उमटते आणि उष्णतेनंच खराब होते, पत्र्याच्या घरात एका उन्हाळ्यात कोरी होऊन जाते, तर ती मिळाल्यावर लगेच तिची झेरॉक्स काढा किंवा मोबाइलमधे फोटो काढा.

आता पैशाचं. माल बाजार समितीच्या आवारात विकला असेल तर समितीच्या सचिवाच्या नावानं लेखी अर्ज द्या, पट्टीची झेरॉक्स जोडा, कार्बनची प्रत कोणाच्याही हातात सोडू नका, फक्त दाखवा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का आणि तारीख घ्या. तिथं काम झालं नाही तर तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं बाईला वकील फुकट मिळतो, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. जाताना पट्टी, सातबारा आणि पैसे जमा झाल्याचं बँकेचं पासबुक सोबत घ्या.